नलिकेतल्या पेशी एवढं आम्ल सोडतात, मग ते जातं कुठे?

नलिका_वही:
दोन रात्री एकाच हिशेबावर अडकले आहे. मूत्रपिंडात रोज सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून बारीक नलिकांत येतो, त्यात लिटरमागे साधारण २४ मिलीमोल बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा घटक. ते सगळं परत मिळवायला पेशी दिवसाला ४,३०० मिलीमोल हायड्रोजन आयन, म्हणजेच आम्ल, नलिकेत सोडतात. पण आहारातून रोज तयार होणारं, बाहेर टाकायचं आम्ल तर जेमतेम ७०! बाकीचं कुठे जातं? वहीत बाण काढून काढून पान काळं झालं, तरी उमगत नाही.

जुना_शिक्षक:
हिशेब बरोबर आहे. आता एकाच हायड्रोजन आयनाच्या मागे चालत जा. निकटस्थ नलिकेतली, म्हणजे नलिकेच्या सुरुवातीच्या भागातली पेशी सोडियम आत घेते आणि त्याच्या बदल्यात हा आयन नलिकेत ढकलते. तिथे बायकार्बोनेटशी गाठ पडून कार्बोनिक आम्ल होतं. पेशीच्या कडेवरचं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) त्याचं लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं. हा वायू पेशीत शिरतो, पुन्हा पाण्याशी जुळतो, आणि आतमध्ये परत तीच जोडी तयार: बायकार्बोनेट रक्ताकडे, आयन पुन्हा नलिकेत. म्हणजे आयन फेऱ्या मारतोय, शरीराबाहेर जातच नाही. गाळलेलं ८० टक्के बायकार्बोनेट इथेच परत मिळतं. आणि हे सगळं चालतं रक्ताकडच्या बाजूच्या सोडियम-पोटॅशियम पंपाच्या जोरावर, जो डॅनिश शास्त्रज्ञ स्कोव यांनी १९५७ मध्ये दाखवला.

तुमचे ७० खरे बाहेर पडतात ते पुढे, मुख्यतः शेवटच्या, संग्राहक नलिकेत. तिथल्या अल्फा इंटरकॅलेटेड नावाच्या आम्ल सोडणाऱ्या पेशी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून आयन ढकलतात. पण लघवीचा पीएच (आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ४.५ च्या खाली सहसा जात नाही, आणि तेवढ्या आम्लतेला मोकळे आयन लिटरमागे फक्त ०.०३ मिलीमोल असतात. नुसत्या मोकळ्या आयनांवर भागवायचं तर दिवसाला दोन हजार लिटरहून जास्त लघवी लागेल! म्हणून फॉस्फेट आणि अमोनिया त्यांना धरून नेतात. अमोनिया निकटस्थ पेशीच ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून बनवतात. आम्ल वाढलं की काही दिवसांत तो कित्येक पटींनी वाढवतात. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

खडेवाली:
सर, माझ्या याच अल्फा पेशी नीट चालत नाहीत. एकोणिसाव्या वर्षापासून मूतखडे. दर वेळी खडा काढायचे आणि घरी पाठवायचे, लघवीचा पीएच कुणी पाहिलाच नाही. एका पहाटे पाय उचलेनात, रक्तातलं पोटॅशियम २.१ निघालं, फारच कमी. तेव्हा कळलं, रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच ६.८. आता पोटॅशियम सायट्रेट घेते. पण आम्लाच्या बिघाडात पोटॅशियम का घसरतं, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही.

जुना_शिक्षक:
ताई, तुमच्या त्या पेशींशेजारी प्रिन्सिपल नावाच्या दुसऱ्या पेशी असतात. त्या सोडियम आत ओढतात, तेव्हा नलिकेतली बाजू ऋणभारित होते. ती भरून काढायला धनभार हवा. हायड्रोजन जात नसेल, तर पोटॅशियम जास्त जातं. शिवाय सोडियम-पाणी गळून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, तेही पोटॅशियमला बाहेरच लोटतं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं. आम्ल सावरलं की ही गळतीही बरीच कमी होते. मात्र पोटॅशियम फार खाली असेल तर आधी ते भरतात, अल्कली (सायट्रेटसारखं आम्ल शमवणारं औषध) नंतर, कारण अल्कली उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत ढकलते.

नलिका_वही:
ताई, तुमचा ६.८ वहीत लिहून ठेवला. सर, गोल फिरणारा बाण काढला, पान पहिल्यांदा जुळलं. आता अमोनियाकडे वळते.