चौथीच्या मुलांना वर्णनात्मक लेखन कसे शिकवावे? मदत हवी आहे

नमस्कार. मी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३८ मुले आहेत. काहींच्या घरी आगरी बोलतात, काहींच्या घरी हिंदी, आणि बरीचशी कुटुंबे घाटावरून कामासाठी येऊन इथे स्थिरावलेली आहेत.

मागच्या महिन्यात 'माझा आवडता पक्षी' हा विषय दिला होता. ३१ वह्यांत मोर निघाला आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच होते: 'मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे.' मोराला तो मान १९६३ मध्ये मिळाला हे खरेच. पण यांतल्या किती मुलांनी मोर पिंजऱ्याबाहेर पाहिला असेल? दुसरीकडे, हिवाळा लागला की ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि मे महिन्यापर्यंत चिखलात चोच खुपसून उभे असतात. २०१५ मध्ये खाडीचा तो भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि आमच्या कित्येक मुलांची घरे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही रोहितावर एकानेही लिहिले नव्हते. कारण विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "त्याचा निबंध पुस्तकात नाही ना, बाई."

मुलांना वर्णन करता येत नाही, असे मात्र मला वाटत नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगा मित्रांना निवटीविषयी, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या एका माशाविषयी, सांगत होता. ती पाय नसताना चिखलातून कशी चालते, तिचे डोळे बटणे शिवल्यासारखे डोक्यावर कसे असतात, आणि धरायला गेले की ती बोटांमधून सुळकन कशी निसटते, हे सांगताना त्याने स्वतःचे ओले हातही दाखवले. मी त्याला तेच लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी वहीत तीन वाक्ये होती: 'निवटी हा एक मासा आहे. तो खूप छान आहे. मला तो खूप आवडतो.' ही तीन वाक्ये वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण तोंडातले सगळे कागदावर येईपर्यंत कुठे गळून पडते हे मला कळत नाही.

अनुभवी शिक्षकांना माझी विचारणा अशी आहे की, ३५ मिनिटांच्या तासिकेत, एवढ्या मोठ्या वर्गाकडून हे बोलणे कागदावर उतरवून घेण्यासाठी आपण नेमके काय करता? शिवाय शुद्धलेखन आणि लिंगवचनाच्या चुका त्याच वेळी दुरुस्त कराव्यात की थांबावे? 'मोठा झाड' पाहून लाल पेन हातात घ्यायचा मोह आवरत नाही. काही पालकांचा आग्रह असतो की बाईंनी निबंध फळ्यावर लिहून द्यावा, म्हणजे तो पाठ करून घेता येईल. त्यांनाही काय उत्तर द्यावे, हे सुचवावे.

प्रतिसाद (ठाणे, निवृत्त शिक्षिका):

बाई, 'निबंध' हा शब्दच काही दिवस वर्गाबाहेर ठेवा. तो ऐकला की मुले आठवू लागतात. पाहणे तिथेच थांबते. त्याऐवजी कोडे घालायला सांगा. प्रत्येकाने एका वस्तूचे चार वाक्यांत वर्णन करायचे, वस्तूचे नाव घ्यायचे नाही, आणि इतरांनी ती ओळखायची. आपल्याकडे घरोघरी कोडी घालतात, त्यामुळे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. 'ते छान असते' असे कुणी लिहिले तर वर्गच ओरडतो, "छान तर आंबाही असतो आणि बिस्किटही!" तुम्हाला काही बोलावेच लागत नाही.

वासाकडे विशेष लक्ष द्यावे. मुले केवळ डोळ्यांनी लिहितात. पण खमंग, करपट, कुबट, खवट, आंबूस, उग्र असे वेगवेगळ्या वासांचे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत. ते यादी करून देऊ नयेत. डब्यातले खोबरे खवट झाले असेल त्या दिवशी तो शब्द द्यावा, म्हणजे तो कायमचा राहतो.

निवटीच्या मुलाला पुन्हा बोलते करा आणि तो बोलेल ते शब्द न बदलता तुम्हीच फळ्यावर लिहा. मग त्याला ते वाचायला लावा. आपण बोललो तेच लिहायचे असते, हे कित्येक मुलांना माहीतच नसते. दुरुस्ती एका वेळी एकाच गोष्टीची करावी. या आठवड्यात लिंग पाहिले तर ऱ्हस्वदीर्घ सोडून द्यावे. पालकांना मात्र जूनमधली आणि दिवाळीनंतरची वही शेजारी ठेवून दाखवा. त्याहून चांगले उत्तर मला कधी सापडले नाही.

प्रतिसाद (नेरूळ, तिसरीचे शिक्षक):

शब्दांच्या यादीविषयी वर जे लिहिले आहे, त्याला माझ्या फजितीची पुस्ती जोडतो. मी 'पिवळाधम्मक, काळाकुट्ट, हिरवागार, लालचुटूक' असा तक्ता करून भिंतीवर लावला होता. पुढच्याच आठवड्यात सूर्य पिवळाधम्मक, बस पिवळीधम्मक आणि मुख्याध्यापकांचा सदराही पिवळाधम्मक झाला. तक्ता मी काढून टाकला. एक फायदा मात्र झाला: पिवळाधम्मक, पिवळीधम्मक, पिवळेधम्मक म्हणता म्हणता नामाचे लिंग मुलांच्या कानात बसले.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. कोड्याचा प्रयोग दोनदा करून पाहिला. एका मुलीने लिहिले: 'बाहेरून तपकिरी आणि खडबडीत. दाबले की कडकन फुटते. आत दोऱ्या असतात. जिभेवर ठेवले की एक डोळा आपोआप मिटतो.' चौथे वाक्य पूर्ण व्हायच्या आत सगळा वर्ग "चिंच!" म्हणून ओरडला. निवटीचे वर्णन फळ्यावर सात ओळींचे झाले. तो मुलगा ते दोनदा वाचून म्हणाला, "एवढे मी बोललो?"

आता अडचण ठिकाणाच्या वर्णनाची आहे. वस्तू हातात धरता येते, फिरवून पाहता येते. पण रेल्वे स्थानक किंवा बाजार लिहायला सांगितला की 'तिथे दुकाने असतात, तिथे माणसे असतात, तिथे रिक्षा असतात' अशी जंत्री तयार होते. पुढच्या आठवड्यात मुलांना शाळेच्या गच्चीवर नेणार आहे, तिथून खाडी आणि पूल दोन्ही दिसतात. एका जागी उभे राहून आधी काय पाहावे आणि मग नजर कुठे न्यावी, हे नऊ वर्षांच्या मुलाला कोणत्या शब्दांत सांगावे, ते कुणी करून पाहिले असेल तर कृपया सविस्तर लिहावे.