हॅप्टिक्स म्हणजे नुसता 'स्पर्श' का?

खटपट्या
मुलांच्या विज्ञान अंकासाठी कॅथरीन कुकनबेकर यांच्यावर लेख लिहितोय. बाई इंजिनिअरिंगच्या प्रोफेसर, आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 2017 पासून जर्मनीत श्टुटगार्टला माक्स प्लांक संस्थेत. विषय हॅप्टिक्स, म्हणजे स्पर्शातून काय कळतं आणि यंत्रातून तसा स्पर्श कसा देता येईल याचा अभ्यास. मी 'स्पर्शशास्त्र' लिहिलं तर संपादक म्हणतात मसाज पार्लरची पाटी वाटते. शिवाय स्पर्श म्हटलं की नुसती कातडी आली, यात वजन, जोर, ढकलल्यावर समोरून येणारा रेटा हे पण धरतात, जे स्नायूंना नि सांध्यांना कळतं. दोन्ही मावेल असा शब्द सुचवा.

शुद्धमती
स्पर्शसंवेदन. मूळ ग्रीक शब्द स्पर्शाचाच आहे. मिटला प्रश्न.

गावठी_इंजिनिअर
कसला मिटला? संवेदन म्हणजे नुसतं कळणं. बोट कापडावर ठेवून बघा आणि मग फिरवून बघा, पोत फिरवल्यावरच कळतो. याला आपल्याकडे चाचपणं म्हणतात, लाइट गेल्यावर काडेपेटी शोधताना करतो ते. चाचपणी घ्या की सरळ.

शुद्धमती
चाचपणी पेपरवाल्यांनी केव्हाच पळवली. उमेदवाराची चाचपणी, युतीची चाचपणी. मुलांना वाटेल बाई निवडणुकीला उभ्या आहेत.

गावठी_इंजिनिअर
हसू नका, अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोफेसर सॉल्सबरींच्या हाताखाली 'फँटम' नावाचं हॅप्टिक यंत्र बनवलं तो थॉमस मॅसी 2012 साली खरंच अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला :) पडद्यावरच्या खोट्या वस्तूला टोचलं की हाताला खरा अडथळा लागायचा. त्यासाठी सेकंदाला हजारेक वेळा हिशेब करावा लागतो, डोळ्याला साठ चित्रं दाखवली तरी तो गप बसतो, हात नाही फसत इतक्यात.

डॉ_कात्री
सर्जन आहे म्हणून बोलतो. पोट उघडून केलं तर गाठ बोटाखाली लागते. दा विंची म्हणजे सर्जन मुठी धरून लांबून चालवतो तो ऑपरेशनचा रोबो, त्याच्या जुन्या मॉडेलवर टाका ओढताना धागा किती ताणलाय ते डोळ्यांनीच ताडायचं, आम्ही आपसात 'फील येत नाही' म्हणतो. कुकनबेकर बाईंच्या टीमने हत्यारांवर कंपन मोजणारे सेन्सर लावून तीच थरथर सर्जनने धरलेल्या रोबोच्या मुठींत आणली, व्हेरोटच नावाने. शब्दाचं म्हणाल तर आयुर्वेदात दर्शन, स्पर्शन, प्रश्न अशी रोगपरीक्षा आहे. स्पर्श ही जाणीव, स्पर्शन ही कृती. तयार शब्द पडलाय, घ्या.

खटपट्या
स्पर्शन आवडला. आता हॅप्टोग्राफीचं काय? सेन्सरवाली लेखणी खऱ्या पृष्ठभागावर घासून त्याचा 'फील' टिपायचा आणि व्हीआरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आभासी जगात, परत द्यायचा. 2014 ला अशा 100 पोतांचा संच त्यांनी खुला केला. स्पर्शचित्रण?

गावठी_इंजिनिअर
चित्र कुठंय त्यात? टिपतात ती कंपनं, आणि पुन्हा वाजवल्यासारखी देतात. ध्वनिमुद्रण तसं स्पर्शमुद्रण.

शुद्धमती
बघा, शेवटी संस्कृतकडेच आलात ना! महापौर, दिनांकलाही लोक आधी हसलेच असतील.

मावळतीचा_वारा
संस्कृत कशाला, 'शिवणं' हा अस्सल मराठी शब्द कुणालाच कसा आठवला नाही? कावळा शिवला म्हणतो की आपण. प्राकृत छिवइ वरून आलाय. शिवण-यंत्र म्हणा!

डॉ_कात्री
शिवणयंत्र म्हटलं की सिंगरचं मशीन येणार घरी. आणि मी टाके घालतो तेही शिवणंच.

शुद्धमती
टाक्याचं शिवणं 'सीव्' धातूवरून, ते वेगळं. आणि शिवणंला सोवळ्याओवळ्याचा वास आहे, शिवाशिव वगैरे. मुलांच्या अंकात नको.

मावळतीचा_वारा
मुलांना काय ठाऊक सोवळं? त्यांना शिवाशिवीचा खेळ माहितीय.

गावठी_इंजिनिअर
शिवाशिवी?? आमच्याकडे शिवणापाणी.

मावळतीचा_वारा
शिवणापाणी वेगळं हो, त्यात पाणी म्हटलं की राज्य येत नाही.

गावठी_इंजिनिअर
ते डोंगर का पाणी झालं. तुमचं गाव कुठलं नक्की?