जुन्या ब्रँडेड लॅपटॉपचा धंदा, तालुक्याच्या गावी, दोन लाखांत : सल्ला हवा

भगवंतकृपा
नमस्कार मंडळी. बार्शीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की दुकानात गर्दी होते आणि दर दुसरा पालक विचारतो, "पोराला कॉम्प्युटरला घालतोय, वीस हजारांच्या आत बरा लॅपटॉप मिळेल का?" आजवर मी सगळ्यांना सोलापूरचा नाहीतर पुण्याचा रस्ता दाखवत आलो. आता वाटतंय, आपणच आणावेत. हाताशी दोन लाख आहेत, कर्ज काढायचं नाही.

नवे डेल-एचपी ठेवावेत की कंपन्यांतून निघालेले जुने? माल कुठून उचलावा? वॉरंटी किती द्यावी? जीएसटी नंबर लागेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पेठेतला
नव्याच्या नादी लागू नका. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवतं आणि सेलच्या दिवसांत तो भाव तुमच्या खरेदीच्याही खाली असतो. दोन लाखांत नवी चार-पाच मशीनं येतील, त्यातलं एक पडून राहिलं तरी पैसे अडकले. नवं ऑर्डर आलं तरच आणून द्या, तेही आगाऊ रक्कम घेऊन.

रंकाळा_सिस्टीम्स
भाऊ, मी कोल्हापुरात सात वर्षं हेच करतेय. जुन्यातच उतरा, पण "जुना लॅपटॉप" म्हणजे घरगुती जुना नव्हे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीनं बदलतात, त्या लॉटमधली डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड ही ऑफिससाठी बनवलेली मालिका घ्यायची. बॉडी दणकट, सुटे भाग मिळतात, आणि रॅम (मेमरी) आणि एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) बहुतेकांत बदलता येते.

प्रोसेसरची पिढी बघितल्याशिवाय हात लावू नका. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ एखाददुसरा अपवाद सोडला तर अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणून व्यापारी सहाव्या-सातव्या पिढीचा माल पडेल भावात गळ्यात मारताहेत. एलिटबुक ८४० जी३ आणि जी५ नावाने सारखेच वाटतात, पण जी३ सहाव्या पिढीचा, जी५ बहुतेक आठव्या. लॅटिट्यूड ७४८० आणि ७४९० चंही तसंच, ७४९० घ्यायचा, तोही आठव्या पिढीचाच आहे हे बघून. पोरगं चार वर्षं वापरणार आहे, त्याला अपडेट न मिळणारं मशीन देऊ नका.

दोनच मॉडेल धरा. मी गेली दोन वर्षं थिंकपॅड टी४८० आणि लॅटिट्यूड ७४९० याशिवाय काही ठेवलं नाही. त्यामुळे एका मशीनची बॉडी फुटली तर तिची स्क्रीन, कीबोर्ड दुसरीला लागतो. दहा जातीची दहा मशीनं आणलीत तर प्रत्येक बिघाडाला भाग शोधत फिरावं लागेल.

आता माझी चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये. दिवाळीनंतर एकदा दहा मशीनांचा लॉट घेतला. सगळी चालू, विंडोज टाकलेली, चकाचक. त्यातलं एक गारगोटीच्या मुलीला विकलं. दोन महिन्यांनी तिने रीसेट मारलं आणि वायफाय जोडताच समोर आलं एका परक्या कंपनीचं लॉगिन. त्या कंपनीने मशीन आपल्या यादीतून काढलंच नव्हतं. मुलीची परीक्षा चार दिवसांवर. तिचे वडील लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून एसटीने आले, माझ्यासमोर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मी दुसरं मशीन दिलं. व्यापाऱ्याची टेस्टिंग वॉरंटी पंधरा दिवसांची, ती कधीच संपलेली. लॉटमध्ये अशी तीन निघाली.

तेव्हापासून एक नेम केलाय. पेन ड्राइव्ह खिशात घेऊन जायचा, व्यापाऱ्याच्या टेबलावरच मशीन कोरं करून विंडोज प्रो टाकायचं आणि सेटअपच्या वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायचा. कंपनीचं नाव आलं तर मशीन परत. त्याआधी बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) उघडायचं. पासवर्ड मागितला तर तिथेच सोडायचं, "काढून देतो" म्हणाले तरी नाही. बायोसमध्येच अब्सोल्यूटची (मालक कंपनीला दुरून मशीन शोधू आणि बंद करू देणारी सोय) नोंद असते, ती चालू दिसली तरीही नाही.

मग स्क्रीन पूर्ण पांढरी करून कडेने बघा, दाबाचे डाग लगेच दिसतात. झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा, कटकट आवाज आला तर हिंज (बिजागरी) गेलेलं. कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबा. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः देतं, मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता असे दोन आकडे बघा. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. बाहेरची नवी दाखवून आतली मेलेली देतात. त्याच्या टाइप-सी पोर्टला चार्जर लावून थोडं हलवून बघा, तिथे खूप तक्रारी येतात.

माल मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड इथून येतो. तुम्ही मुंबई धरा, रात्री गाडीत बसलात की सकाळी पोचाल. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर पैसे पाठवू नका. मालाचा दर्जा सांगणाऱ्या "ग्रेड ए" या शब्दाचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा असतो.

जमाखर्च
जीएसटीबद्दल. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतील. पण तुम्ही फॉर्म भरून देता, ती सेवा आहे. माल आणि सेवा दोन्ही असतील तर मर्यादा २० लाखांची, आणि ती दुकानाच्या एकूण उलाढालीवर. महिन्याला दहा मशीनं विकलीत तरी वर्षात ती ओलांडाल. परराज्यात माल विकलात तर पहिल्या बिलापासूनच नोंदणी.

नंबर घेतल्यावर जुन्या मालासाठी जीएसटीचा नियम ३२(५) समजून घ्या. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) घेतलं नसेल तर कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. १४,००० ला घेतलं, १८,००० ला विकलं, तर ४,००० वर १८ टक्के म्हणजे ७२०. पूर्ण किमतीवर लावलात तर ३,२४०. मात्र दुरुस्तीचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही, भाव ठरवताना हे धरा. एकदा तुमच्या सीएकडे जाऊन बिलाचा नमुना ठरवून घ्या.

पेठेतला
गावातून कुणी एकटा माणूस विकायला आला तर जपून. मूळ बिल, आधारची प्रत, सिरीयल नंबर लिहून सही. चोरीचा आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ विकत घेणाऱ्यावरही लागतं. बिल "हरवलंय" म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या.

सायलीची_आई
मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. मुलीला गेल्या वर्षी जुना थिंकपॅड घेतला. तीन दुकानं फिरले, जिथे घेतला तिथला भाव सगळ्यांत जास्त होता. पण त्या माणसाने बिलावर सिरीयल नंबर लिहिला, बॅटरी किती टक्के उरलीय ते लिहिलं आणि झाकणावरचा ओरखडा बोट ठेवून स्वतः दाखवला. बाकी दोघे "एकदम नवीन आहे ताई" एवढंच म्हणत होते. सॉफ्टवेअरही खरं द्या. चोरीचं एमएस ऑफिस टाकून दिलेला लॅपटॉप महिन्यात व्हायरसने भरला, हे माझ्या भाच्याचं झालंय.

भगवंतकृपा
सगळ्यांचे मनापासून आभार. २० लाखांची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. रंकाळाताई, दोन शंका. वॉरंटी किती देता? आणि दोन लाखांची दहा-बारा मशीनं एकदम आणू का?

रंकाळा_सिस्टीम्स
एकदम नको भाऊ. पहिल्या खेपेला पाच आणा, साधारण सत्तर-पंचाहत्तर हजारांत बसतील. वीस हजार एसएसडी, बॅटऱ्या आणि चार्जरसाठी. तीस हजार वेगळ्या खात्यात टाका, ते वॉरंटीचे. उरलेल्याला पाचही विकून एक महिना होईपर्यंत हात लावायचा नाही. कारण विकलेलं मशीन परत येतं ते बहुतेक वेळा पहिल्या महिन्यातच.

वॉरंटी मी सहा महिने देते, बॅटरीवर तीन. व्यापारी मला पंधरा दिवस देतो, मधला सगळा भार माझा, म्हणून दर मशीनमागे हजार रुपये बाजूला पडतात. आणि बारावीच्या निकालाआधी एक खेप करा, निकालानंतर व्यापारी भाव चढवतात. जायचं ठरलं की कळवा, पेन ड्राइव्हमध्ये काय काय असावं ते लिहून देते.