पानिपताहून परतलेला शिपाई रंगमंचावर किती थकलेला दिसावा?

धागाकर्ता (लष्कर, ग्वाल्हेर)

आपल्याकडच्या हौशी मंडळींनी नुकत्याच केलेल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात, १४ जानेवारी १७६१ च्या पराभवातून वाचलेला एक शिपाई ग्वाल्हेरला पोचतो. तो धापा टाकत येतो, दोनदा कोसळतो, भाकरीवर तुटून पडतो आणि रडत रडत रणाची हकिकत सांगतो. टाळ्या भरपूर पडल्या, पण मला हे चित्रण पटले नाही. अब्दालीने रसद तोडल्यामुळे पानिपतावर फौजेची उपासमार झाली, याबद्दल वाद नाही. परंतु ग्वाल्हेर तिथून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे आणि वाटेत सूरजमल जाटाच्या मुलखात या लोकांना अन्नवस्त्र व औषधपाणी मिळाले होते. इथे पोचलेल्या माणसाचा थकवा हा पोटात अन्न गेल्यानंतरचा, म्हणजे काय घडले ते उमगू लागल्यानंतरचा आहे. त्याच प्रवेशात नटाने कमरेच्या शेल्याची गाठ सोडायला हात घातला, बोटे वळेनात, तेव्हा गाठ तशीच ठेवून तो भिंतीला टेकून बसून राहिला. खरा शिपाई मला तेवढ्याच क्षणात दिसला. सगळा प्रवेश त्याच सुरात का बसवला नाही?

प्रतिसाद : एक रंगकर्मी (शिंदे की छावनी)

आपला इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. पहिल्या अंकात छावणीतली भूक केवळ संवादांतून कळते; ती माणसाच्या अंगावर दिसण्याची नाटकातली एकमेव जागा हीच आहे. शिवाय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बोटे दिसत नाहीत. त्याला चाल, खांदे आणि आवाज यांवरूनच माणूस ओळखावा लागतो. आणि कित्येक दिवस अर्धपोटी राहिलेला माणूस चार ठिकाणी जेवला, तरी भाकरी समोर आल्यावर त्याचा हात आवरत नाही.

धागाकर्ता

भाकरीबद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो. मात्र असा माणूस अर्धी भाकरी खाऊन उरलेली शेल्यात बांधून ठेवील, असे मला वाटते. धापांचे तसे नाही. धाप ही धावल्याची खूण आहे, थकल्याची नव्हे. त्या धापांत आणि हुंदक्यांत, जखमी महादजी शिंद्यांना राणेखान भिस्त्याने बैलावर घालून वाचवल्याचे वाक्य ऐकूच आले नाही. शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून ज्या वस्तीला लष्कर हे नाव पडले, तिथल्या प्रेक्षकांना ते वाक्य हरवल्याचे दुःख व्हायला हवे.

प्रतिसाद : एक निवृत्त सुभेदार (मुरार)

मी अठ्ठावीस वर्षे सैन्यात होतो. लांबच्या मजलीनंतर जवान रडत नाही; तो आधी किती जण आले आणि कोण मागे राहिले, ते सांगतो, कारण ते सांगून झाल्याशिवाय त्याला बसण्याची मुभा आहे असे त्याला वाटतच नाही. म्हणून हा शिपाई येताच भिंतीला टेकतो, हेही मला खटकते. त्याला उभे राहून एकेक नाव सांगू द्या, आणि एखादे नाव त्याला आठवू नये.

प्रतिसाद : एक रंगकर्मी

सुभेदारसाहेब, नावे उभ्याने सांगण्याची सूचना मी दिग्दर्शकांच्या कानावर घालतो. रडणे मात्र काढू नये, या मतावर मी ठाम आहे. परतलेल्यांकडून आपल्या माणसांची खबर ऐकायला जमलेली घरची मंडळीही त्या प्रवेशात समोर उभी आहेत.