रात्रीची हाक, हडळ, वेताळ आणि व्हॅम्पायर : तुमच्याकडचे अनुभव सांगा

मेणवलीची
परवाच्या पावसात वाईला रात्रभर लाईट नव्हती. धाकटी मोबाईलच्या बॅटरीत व्हॅम्पायरची, म्हणजे तिकडच्या रक्त पिणाऱ्या भुताची, जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचत बसलेली. मध्येच म्हणाली, "आई, हा दारात उभा आहे, पण घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही." आणि मला आमची आजी धाडकन आठवली.

आजीचा नियम होता. दिवेलागणीनंतर बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसरी मारेल, 'ते' असेल तर दोनदाच मारून जाईल. थोरले काका गुऱ्हाळावरून उशिरा यायचे, त्यांना यापायी कितीदा अंगणात ताटकळावं लागायचं. आजी आत चुलीपाशी बसून बोटं मोजायची. तिसरी हाक काका शिवी हासडून मारायचे, मग कडी निघायची. शिवी ऐकली की आजीचा जीव भांड्यात पडायचा, कारण भूत शिवी देत नाही अशी तिची खात्री.

तिकडे त्याला आत यायला तुमचं आमंत्रण लागतं, इकडे तुमची ओ लागते. इतक्या लांबच्या लोकांना एकच गोष्ट सुचावी याचं मला फार नवल वाटतं. ड्रॅक्युला लंडनला छापून आला तो मे १८९७ मध्ये. त्याच जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, प्लेगचं ते वर्ष. गावं ओस पडलेली, माणसं माळावर झोपड्या टाकून राहिलेली. आजीच्या सासूने ते दिवस पाहिलेले. दार कुणाला उघडायचं नि कुणाला नाही, हा तेव्हा जिवाचाच प्रश्न होता, आणि दाराबाहेर उभा असायचा तो आपलाच कुणीतरी. मला वाटतं या गोष्टी मरत नाहीत त्या यामुळे. परक्याला दार लावणं सोपं असतं. ओळखीच्या आवाजाला नाही म्हणायचं कसं?

तुमच्याकडे काय सांगायचे? आजी, मामा, शेतावरचा गडी, कुणाचंही चालेल. सातारा-सांगलीकरांनी तर याच.

पाटणचा_गडी
रक्त पिणारं म्हणाल तर आमच्या कोयनेच्या अंगाला पावसाळ्यात रोजच भेटतंय. जळवा. रानातनं आलं की पाय धुताना लाल पाणी दिसतं, तवा कळतं. चावलेलं कळतच न्हाई, तिच्या लाळेतच भूल असती आन रक्त गोठू न द्यायचं औषध बी. सुटल्यावर सुद्धा लय वेळ रक्त वाहतंय. आमची म्हातारी तंबाखू भिजवून पोटऱ्यांना चोळायची. वढून काढू नका, मीठ टाका.
हडळीचं बी सांगतो पण आता मोटार चालू करायला चाललोय, रात्रीची लाईट आलीया.

हळदपेठ
दादा जपून, उसात बिबट्या असतो आजकाल. हडळ परवडली.

पाटणचा_गडी
व्हय. बॅटरी आन मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून जातो.

मिरजेहून
तीन हाकांचं आमच्याकडेही होतं. पण मी वेगळं सांगतो, ऑफिसात जेवणाची सुट्टी आहे तोवर.

आमच्या पणजोबांच्या घरात एकामागोमाग चार माणसं गेली. आधी पणजी, मग थोरली लेक, मग दोन मुलगे. सगळे झिजून, खोकत, शेवटी रक्त पडून. भावकीत बोललं गेलं की पणजीच मुलांना बोलावून घेतेय, तिचा जीव अडकलाय. तिच्या नावानं उतारे झाले, तिचं लुगडं नदीत सोडलं. क्षय होता तो. पुढे आजोबांनाही झाला, तेव्हा वानलेसवाडीच्या दवाखान्यात ठेवलं आणि ते वाचले, म्हणून मी आज लिहितोय.

मग एकदा अमेरिकेतल्या मर्सी ब्राऊनबद्दल वाचलं. ऱ्होड आयलंडमधलं एक्झिटर गाव, १८९२. आई गेली, बहीण गेली, मग १९ वर्षांची मर्सी गेली, भाऊ एडविन अंथरुणाला खिळलेला. गावकऱ्यांनी ठरवलं, घरातलं मेलेलं कुणीतरी त्याचं रक्त शोषतंय. मर्सीचं प्रेत बाहेर काढलं, थंडीमुळे ते टिकलेलं. काळीज जाळलं आणि ती राख पाण्यातून आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, पण ते त्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचलं नव्हतं. आमच्याही घरापर्यंत नव्हतं.

ते वाचून मला त्या बापाचा राग आला नाही. डोळ्यांदेखत लेकरं चाललीत आणि हातात काहीच नाही. अशा वेळी कुणी म्हणालं की अमुक केलं तर उरलेला एक वाचेल, तर बाप ते करणारच. फक्त आमच्या पणजीच्या माथी उगाच दोष आला, याचं वाईट वाटतं. ती बिचारी पहिली आजारी पडली एवढंच.

कास_फुलं
मिरजेचे काका, वाचून गलबलून आलं. पणजींना नमस्कार सांगते इथूनच.

मेणवलीची
@मिरजेहून, दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत.

हळदपेठ
माझा मुद्दा वेताळाचा. त्याला भुतांत धरू नका राव. आमच्या गावाबाहेर शेंदूर लावलेले दगड गोलात मांडलेले आहेत, मधला मोठा तो वेताळ, भोवतीनं त्याचं सैन्य. अमावस्येला पालखी निघते म्हणायचे. पण त्याचं काम राखणीचं. गावात वाईटसाईट येऊ द्यायचं नाही.
आणि गोष्टीतला वेताळ तर मला सगळ्यात हुशार पात्र वाटतं. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात कथासरित्सागर लिहिलं, त्यात या गोष्टी आहेत. बर्टन नावाच्या इंग्रजाने १८७० मध्ये त्या सांगितल्या तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. आता सांगा, आपला वेताळ रक्त कुठं पितो? तो प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि राजाला न्यायाचे प्रश्न विचारतो. उत्तर येत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल म्हणतो. लहानपणी चांदोबा आला की मी आधी शेवटचा प्रश्न वाचायचो, मग गोष्ट. वडील उत्तर झाकून ठेवायचे आणि जेवताना आमच्याकडून वदवून घ्यायचे. एकदा तीन नवऱ्यांपैकी खरा कोण यावरून आई-वडिलांचंच जुंपलं.

कास_फुलं
चांदोबाचे जुने अंक आहेत का कुणाकडे? साताऱ्यात असेल तर मी येऊन नेईन.

हळदपेठ
माझ्याकडे पेटीभर आहेत, पण वाळवीनं खाल्लेत काही. विचारून सांगतो.

जतची_सून
माझं माहेर अथणीचं. लहान असताना, नव्वदच्या दशकात, शेजारच्या कितीतरी दारांवर खडूने 'नाळे बा' लिहिलेलं असायचं, म्हणजे उद्या ये. बाई रात्री येते, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. ती दारावरचं वाचते आणि परत जाते, दुसऱ्या रात्री परत तेच वाचते. माझी मावशी रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं दार पुसायची आणि मग ती अक्षरं नव्यानं गिरवायची, पुसट झालेली तिला वाचता येणार नाहीत म्हणून. किती काळजी ती!
मुलाचा डबा भरायचाय, येते.

कृष्णाकाठ_डॉक्टर
मी शवविच्छेदनाचं काम करतो, त्यामुळे दोन शब्द.

सर्बियात किसिल्येवो गावी १७२५ मध्ये पेटर नावाच्या शेतकऱ्याची कबर उघडली, मेद्वेजा गावातल्या कबरींवर १७३२ मध्ये लष्करी डॉक्टरांनी अहवाल लिहिला. तिथूनच 'व्हॅम्पायर' हा शब्द युरोपभर झाला. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि ते खोटं नाही. प्रेत फुगलेलं, ओठांवर ताजं दिसणारं रक्त, नखं-केस वाढल्यासारखे, छातीत खुंटी मारताच कण्हल्यासारखा आवाज. हे सगळं मी टेबलावर बघतो. पोटात वायू धरतो आणि काळसर पातळ द्रव तोंडा-नाकातून बाहेर ढकलतो. कातडी आक्रसते, म्हणून नखं लांब दिसतात, वाढत नाहीत. वायू घशातून सुटला की आवाज होतो. नवीन वॉर्डबॉय पहिल्यांदा ऐकतो तेव्हा भिंतीला जाऊन चिकटतो. त्याला हसायचं नाही, समजावून सांगायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

पुढे ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसाने आपले वैद्य फान स्वीटेन यांच्याकडून छडा लावला आणि १७५५ मध्ये कबरी उकरून प्रेतं जाळण्यावर बंदी घातली.

माझं एक निरीक्षण. जिथे पुरतात तिथे देह परत येतो. आपल्याकडे बहुतेकांत जाळतात, देहच उरत नाही, मग परत येते ती वासना. म्हणून आपली हडळ बाळंतपणात गेलेली, मुंजा लग्नाआधी गेलेला. ज्याचं काही राहून गेलं तो. आमच्या लिंगायतांत पुरतात, तरी आजोळी रक्त पिणाऱ्याची गोष्ट मी कधी ऐकली नाही. तिथेही राहिलेल्या इच्छेचंच बोललं जायचं.

मिरजेहून
डॉक्टर, धन्यवाद. हे आजोबांना सांगायला हवं होतं.

संगम_माहुली
विषय थोडा वेगळा. माहुलीला आमच्या घरामागच्या झाडांवर वटवाघळं लटकलेली असतात, शेजारी म्हणतात तोडून टाका, रक्त पितात. अहो, ती फळं खातात. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत. आपल्याकडे एकही नाही. युरोपियन तिकडे गेले तेव्हा गोष्टीवरून त्यांना नाव दिलं. आणि त्यांच्यातलीही माया बघा, एखादीला रात्री काही मिळालं नाही तर दुसरी स्वतःच्या पोटातलं रक्त उलटून तिला भरवते. झाडं तोडू नका, हात जोडते.

नाट्यपंढरी
सांगलीकर म्हणून रंगभूमीचं सांगायलाच हवं. ड्रॅक्युलाची ती उभ्या कॉलरची काळी शाल कादंबरीतून आलेली नाही, १९२० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या नाटकातून आली. प्रेक्षकांकडे पाठ केली की कॉलरमागे नटाचं डोकं झाकायचं, आणि तो फळीतल्या चोरदारातून खाली सटकायचा. शाल रिकामी! उन्हाने मरणं हेही १९२२ च्या जर्मन मूकपटातलं. कादंबरीतला काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो.
आमच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर केलं, त्या परंपरेतले राक्षसही असेच. मशालीवर राळ फेकली की भडका उडायचा आणि त्यातून 'अललल डुर्र' करत राक्षस यायचा. माझ्या आजोबांनी हौशी मंडळात राक्षस केलेले. ते सांगायचे, पहिल्या रांगेतली पोरं किंचाळून आईच्या पदरात शिरायची आणि पदराच्या फटीतून परत बघायची. त्यांना घाबरायचंच असायचं, फक्त पदर हाताशी हवा.

देऊर_रोड
दुसरेपणाच्या बाईचं कुणीच लिहिलं नाही. आमच्या आजेसासूबाई दुसरेपणाच्या. मंगळसूत्रात चांदीचा एक छोटा टाक, त्यावर पहिलीची आकृती. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकासमोर ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, मग नेसायचं. पहिलं मूल आजारी पडलं तेव्हा सगळे म्हणाले, सवत लागलीय. सासूबाई सांगतात की त्या रात्री म्हातारी टाकाशी बोलत बसली होती, "बाई, तुझंच लेकरू समज, पण माझ्याकडे राहू दे." मूल जगलं. तेच आमचे सासरे. आज टाक देवघरात आहे, घासून इतका गुळगुळीत झालाय की नाक-डोळे दिसत नाहीत. मी अजून दिवाळीत कुंकू लावते. भीतीनं नाही लावत. ती बाई वीस वर्षांचीही नव्हती, तिची आठवण ठेवणारं दुसरं कोण आहे?

कास_फुलं
देऊरच्या ताई, अंगावर काटा आला.

अजिंक्यतारा_पायथा
सगळं वाचलं. एकच विनंती. आमच्या वस्तीवर एका नवीन सुनेला 'धरलंय' म्हणून देवऋष्याने वेताच्या छडीने मारलेलं मी शाळकरी वयात पाहिलंय. बाळंतपणानंतर ती बोलेनाशी झाली होती. आज कळतं, तिला डॉक्टर हवा होता. डॉ. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. गोष्टी जरूर सांगा, मलाही आवडतात, पण कुणी असं आजारी दिसलं तर दवाखान्यात न्या. २०१३ पासून कायदाही आहे.

कृष्णाकाठ_डॉक्टर
शंभर टक्के. बाळंतपणानंतर असं होतं आणि ते औषधाने बरं होतं.

मेणवलीची
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. एक विचारायचं राहिलं. युरोपात म्हणे कबरीत खसखस किंवा राळे टाकायचे, म्हणजे तो उठला की दाणे मोजत बसतो आणि पहाट होते. आपल्यात मयतामागे मोहरी टाकताना पाहिलंय कुणी?

जतची_सून
हो, बाळंतीण गेली तर स्मशानापासून घरापर्यंत मोहरी टाकत यायचे, आई सांगायची. सासरी मात्र राळेच टाकायचे.

नाट्यपंढरी
राळे म्हटल्यावर भोगीचा राळ्याचा भात आठवला. आता मिळतात कुठे? सांगलीत दोन दुकानं हिंडलो.

जतची_सून
आमच्याकडे आठवडी बाजारात येतात अजून. भोगीआधी मेसेज करा, किलोभर आणून ठेवते.