मदत हवी आहे: सोलर पॅनेलसाठी देशी ईव्हीए आणि फ्रेम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळ आमचं सोलर पॅनेल जुळणीचं छोटं युनिट आहे. पीएम सूर्यघर योजनेत अनुदानासाठी देशी सेलचेच (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्यांचेच) पॅनेल लागतात, त्यामुळे घरगुती मागणी चांगली आहे. सेल महाग पडले तरी मिळतात. ३.२ मिमीची कमी लोहाची टफन काच भरूचकडून येते. अडलंय ते ईव्हीए शीटवर, म्हणजे काच आणि सेल चिकटवून धरणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या थरावर.

मागच्या वेळी एका व्यापाऱ्याकडून देशी म्हणून रोल घेतले. लॅमिनेशननंतर (उष्णता आणि दाबाने थर चिकटवल्यावर) कडांना बुडबुडे आले. जेल कंटेंट (ईव्हीए किती पक्कं झालं याचं माप) तपासला तर जेमतेम ६० टक्के. आम्हाला ७५ च्या वर हवा असतो. चाळीस पॅनेल बाजूला काढावे लागले. लोक पंचवीस वर्षांच्या भरवशावर पॅनेल छतावर चढवतात, त्यांना असला माल देणं मला जमणार नाही.

थेट कारखान्यातून, उत्पादनाची तारीख आणि तपासणी अहवालासह, थोड्या प्रमाणात ईव्हीए देणारं कुणी माहीत आहे का? उन्हाळ्यात रोल उष्णतेने खराब होऊ नयेत म्हणून थंड गाडीतून पाठवतात का, हेही सांगा.

दुसरं, ६०६३ ग्रेडच्या ॲल्युमिनियमची, १५ मायक्रॉन ॲनोडायझिंग (गंज रोखणारा थर) केलेली फ्रेम. कोल्हापूर-पुणे पट्ट्यात कुणी काढून देतं का? डायचा (साच्याचा) खर्च आम्ही करू.

माल बदलला की बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्रासाठी पुन्हा चाचण्या कराव्या लागतात, म्हणून सारखा पुरवठादार बदलणं परवडत नाही. ज्यांनी स्वतः वापरून पाहिलंय, त्यांनी कृपया अनुभव सांगा.