बेदिनी मोटर: मीटर १३.४ दाखवतंय, मग दाजी बरोबर का मी?

वडगावचा रहाट
नमस्कार मंडळी. दोन महिने झाले, अमेरिकेतल्या जॉन बेदिनीची स्कूलगर्ल मोटर करून बघालोय: एका बॅटरीवर चुंबकांचं चाक फिरतंय आणि कॉइलच्या झटक्यांनी दुसरी बॅटरी भरतीय. घरचा माग बंद पडून वर्षं झाली, कांड्या भरायचा सायकलच्या चाकाचा रहाट माळ्यावर पडून होता. तोच काढलो. जुन्या स्पीकरची चार चुंबकं, सगळ्यांचं उत्तर टोक बाहेर करून चिकटवलो. बॉबिनवर दोन वायरी जोडीनं गुंडाळलो, आत गॅस वेल्डिंगच्या सळीचे तुकडे. ट्रान्झिस्टर २एन३०५५, त्याला वाचवायला लावलेला निऑन दिवा मोडक्या टेस्टरमधला.

चाक झकास पळतंय. पाच तास चालवलो. चालवणारी बॅटरी (१२ व्होल्ट, ७ एएच म्हणजे अँपिअर-तास) १२.६ वरनं १२.४ ला आली आणि यूपीएसमधनं काढलेली जुनी ११.९ वरनं १३.४ ला चढली. दाजी म्हणतात, "बघ, घातलास त्यापेक्षा जास्त मिळालं की!" मला पटेना. त्यात परवा दुसऱ्या बॅटरीचा चिमटा निसटला, निऑन नारिंगी पेटला आणि ट्रान्झिस्टर खलास. निऑन असताना जळला कसा?

निपाणी वाइंडिंग
दाजींना खोटं पाडायची घाई करू नका. ह्याच मोटरनं मी तीन मेलेल्या बॅटऱ्या उठवल्यात. बेदिनीला २००२ साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते काय उगीच? ट्रान्झिस्टर डुप्लिकेट असणार. आणि दुसऱ्या बॅटरीकडं जाणारा १एन४००७ डायोड काढून जलद यूएफ४००७ घाला, त्या टोकदार झटक्याला साधा डायोड हळू पडतो.

उद्यमबाग रिटायर्ड
डायोड हळू असतो तो बंद होताना, चालू होताना नव्हे. चार चुंबकं, मिनिटाला ३०० फेरे धरले तरी सेकंदाला २० झटके. तेवढ्याला १एन४००७ पुष्कळ झाला. पेटंट रचनेला मिळतं, वीज वाढल्याचा तो दाखला नव्हे.

आता ट्रान्झिस्टर. निऑन पेटतो साधारण ९० व्होल्टला. २एन३०५५ च्या कलेक्टर-एमिटर ह्या दोन टोकांमधली मर्यादा ६० व्होल्ट. म्हणजे वॉचमन उठायच्या आत चोर पसार! एखादा नग छापील आकड्याच्या वर तग धरतो, म्हणून काहींचे वाचतात. एरवी हे कळत नाही, कारण कॉइलचा झटका डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत जातो. ती बॅटरी पहिलीच्या प्लसवर बसलेली असते, त्यामुळे कलेक्टरवर दोघींचे मिळून पंचवीस-सव्वीस व्होल्ट, बस्स. चिमटा सुटला की झटक्याला वाट उरत नाही आणि व्होल्ट चढतच जातात. एमजेएल२११९४ घाला, तो २५० व्होल्टचा आहे. चिमटे काढा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवा.

१३.४ चं म्हणाल तर सल्फेट धरलेल्या (प्लेटांवर सल्फेटचा थर बसलेल्या) बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, चिमूटभर करंटनं व्होल्ट भराभर वर जातात. बॅटरी रात्रभर सोडून ठेवा. मग ५ वॅटचा दिवा लावून १०.५ पर्यंत किती वेळ पेटतो ते घड्याळावर बघा. आत जाणारा करंट मोजताना मोटरच्या बाजूला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका आणि मीटर बॅटरीच्या बाजूला ठेवा, नाहीतर मीटर झटक्यांनी भलतंच सांगतो.

वडगावचा रहाट
नवीन ट्रान्झिस्टर घालून पुन्हा पाच तास चालवलो. पुन्हा १३.४ ला चढली, रात्रभर ठेवलो तर सकाळी १२.५. दिवा एक तास पस्तीस मिनिटं पेटला. ०.४ अँपिअर धरलो तर ०.६ एएच. आत गेला ०.३ अँपिअर, पाच तास, म्हणजे १.५ एएच. दाजींना कागद दाखवलो. म्हणाले, दिवाच खराब असेल.

निपाणी वाइंडिंग
दिव्याचं जाऊ दे. तीच बॅटरी साध्या चार्जरनं भरा, तोच दिवा लावा, किती मिनिटं पेटतो सांगा. बॅटरीच गेलेली असेल तर माझ्या मोटरला कशाला बोल लावता?

वडगावचा रहाट
हे मात्र बरोबर. रविवारी करतो, करंट राहिला तर. तोवर आई चाक फिरवू देत नाही, बेअरिंग करकरतंय म्हणून. ग्रीस आणायला निघालोय.